वयाप्रमाणे चालायचेच?

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एका ६८ वर्षांच्या मातेला आम्ही मूठमाती दिली. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये प्रवचन आम्हीच केले आणि ते, इतक्या वर्षांच्या सवयीने, बरे वठले. या माउलीने जन्मभर वाडी शिंपली, पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या मुंबईस नेल्या, पाच लेकरे वाढवली आणि अखेरचे दुखणे तर इतक्या मूकपणे सोसले की घरच्यांनाही त्याची झळ लागू दिली नाही, असे आम्ही म्हणालो. तिच्या मौनाची तुलना आम्ही क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेच्या मौनाशी केली. लोकांनी डोळे टिपले. आम्हालाही समाधान वाटले.

दफनविधी आटोपून लोक पांगल्यावर त्या मातेची थोरली सून आमच्यापाशी आली. ती रडत नव्हती. म्हणाली, "फादर, तुम्ही आईंचं सोसणं सांगितलंत. आईंना तीन वर्षं अंगावरून जात होतं. त्या लाल लुगडं नेसायच्या, डाग कोणाला दिसणार? मला एकदा धुण्यात दिसलं. मी विचारलं तर म्हणाल्या, कोणाला बोलू नकोस, या वयात लोक काय म्हणतील! मी यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच. आणि फादर, आई तुमच्याकडेही आल्या होत्या."

होय, आल्या होत्या. प्रायश्चित्त संस्कारासाठी नव्हे. धर्मग्रामाच्या कार्यालयात, सायंकाळी, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत. 'पोटाचा त्रास आहे, आशीर्वाद द्या' एवढेच म्हणाल्या. आम्ही मस्तकावर हात ठेवला, आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडा असे सांगितले आणि जपमाळेचे एक नवे पुस्तक हाती दिले. कसला त्रास, किती दिवसांचा, डॉक्टरांना दाखवले काय, यांपैकी एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. हा मजकूर आम्ही त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन लिहीत आहोत. ज्या मौनाची आम्ही वेदीवरून स्तुती केली त्याच मौनाविरुद्ध आज आम्हाला लिहावयाचे आहे. आणि त्या मौनाला पोसणाऱ्या 'वयाप्रमाणे चालायचेच' या वाक्याविरुद्ध तर अधिकच.

त्या मातेला काय झाले होते? तिच्या एका अंडाशयात एक गाठ होती. वैद्यकात तिला 'ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर' म्हणतात. स्त्रीच्या अंडाशयात बीजाभोवती ज्या पेशींचे कोंदण असते, त्या पेशींची ही गाठ. तारुण्यात याच पेशी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि त्या संप्रेरकाने गर्भाशयाचे अस्तर दरमहा वाढते. पाळी बंद झाली की हा व्यवहार थांबतो. परंतु या पेशींची गाठ झाली तर ती वयाचा हिशोब ठेवीत नाही. साठीच्या, सत्तरीच्या स्त्रीच्या शरीरात ती पुन्हा इस्ट्रोजेन ओतू लागते, सुकलेले अस्तर पुन्हा माजते आणि रक्त दिसू लागते. कित्येकींना छातीत ठणका लागतो. त्वचा थोडी तुकतुकीत होते. आमच्या भागातील भोळ्या बायका याला 'पाळी परत आली' म्हणतात. कोणी हसून 'आजी तरुण झाली' असेही म्हणते.

वाचकहो, गेलेली पाळी परत येत नाही. पाळी बंद होऊन सलग एक वर्ष लोटल्यानंतर जे रक्त दिसते, ते पाळीचे नसते. मग ते डागापुरते असो, एकदाच दिसलेले असो वा गुलाबी पाण्यासारखे असो. त्याचे कारण बहुधा साधे असते: आतली त्वचा कोरडी पडणे, एखादा निरुपद्रवी मोड येणे. अशा दहा स्त्रिया तपासल्या तर साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. परंतु दहावीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि आपण त्या नऊ जणींतील आहोत की दहावी, हे घरात बसून, नवस बोलून किंवा सुनेला गप्प बसवून कळत नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासावे लागते, सोनोग्राफी करावी लागते आणि अस्तराचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आमच्या त्या मातेच्या अस्तरावर तीन वर्षे नको असलेल्या संप्रेरकाचा मारा होत राहिला. त्यातच तेथे कर्करोग उद्भवला, आणि तो पोटभर पसरल्यावर तिला रुग्णालयात नेण्यात आले. शल्यचिकित्सकांना दोन्ही व्याधी एकाच वेळी सापडल्या. पहिला डाग दिसला त्या महिन्यात ती गेली असती तर काय झाले असते, हे आम्ही एका डॉक्टरांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ही गाठ अंडाशयापुरतीच असताना पूर्ण काढली गेली, तर बहुसंख्य स्त्रिया दहा वर्षांनंतरही हयात असतात.

या ठिकाणी आम्हास एक आक्षेप ऐकू येतो, कारण तो आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे. 'फादर, हे तर फार दुर्मीळ. लाखात एखादीला होणारे. त्यासाठी घरोघरी भीती कशाला?' दुर्मीळ हे खरेच. अंडाशयाच्या कर्करोगांत शंभरातील सुमारे नव्वद वेगळ्याच जातीचे, अंडाशयाच्या आवरणाशी नाते सांगणारे असतात. ग्रॅन्युलोसाचा वाटा शंभरात दोन ते पाच. तरी थोडे गणित करू. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात अंडाशयाचा कर्करोग नव्याने झालेल्या स्त्रियांची संख्या ४५ हजारांहून अधिक होती. तिचे शेकडा दोन काढले तरी नऊशे होतात. नऊशे माता म्हणजे आमच्या मंदिराची सारी बाके भरून व्हरांडाही भरेल. शिवाय शंभर मेंढरांतील एकच हरवले होते, हा दाखला आपण लेकरांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. त्या मेंढपाळाने टक्केवारी काढली होती काय?

आणि दुर्मीळ गाठी या एकाच प्रकारच्या नाहीत. उतारवयात येणाऱ्या काही गाठी पुरुषी संप्रेरक सोडतात. मग आजीच्या हनुवटीवर राठ केस येतात, कपाळावरचे केस विरळ होतात, आवाज घोगरा होतो. गायकवृंदात चाळीस वर्षे वरच्या पट्टीत गाणारी बाई वर्षभरात खर्जात उतरली तर पोरे मागे बसून खिदळतात. तिला डॉक्टरकडे जाण्यास कोणी सांगत नाही. वयोमानाने दोन-चार केस हनुवटीवर येतात, आवाजही थोडा उतरतो, हे खरे. परंतु जे वर्षानुवर्षे हळूहळू होते ते वेगळे आणि सहा महिन्यांत झपाट्याने होते ते वेगळे, एवढा विवेक घरातल्या कोणाला तरी असावयास हवा. आणखी एका दुर्मीळ गाठीत चक्क कंठग्रंथीचा ऊतक असतो. तो अंडाशयात बसून थायरॉइडचे काम करतो आणि काही स्त्रियांत छातीची धडधड, हातांचा कंप, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात. मानेवर मात्र काहीच नसते!

एका गाठीविषयी आम्हाला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिच्यापायी स्त्रियांच्या शीलावर शिंतोडे उडाले आहेत. डर्मॉइड नावाच्या गाठीत केस असतात, चरबी असते, कधी दातही असतात. शस्त्रक्रियेनंतर असली गाठ नातेवाइकांना दाखवली की वाडीत कुजबुज सुरू होते. कोणी करणी म्हणतो, कोणी त्याहून घाणेरडे काही म्हणतो. आणि ती स्त्री विधवा, अविवाहित वा व्रतस्थ असेल तर जिभेला हाडच उरत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो. स्त्रीच्या अंडाशयातील बीजपेशीत त्वचा, केस, दात असे शरीराचे नाना भाग घडवण्याची शक्ती उपजतच असते. तीच पेशी वाट चुकून एकटीच वाढू लागते आणि ही गाठ होते. त्यात पुरुषसंबंधाचा लवलेश नसतो. अशी गाठ बहुधा निरुपद्रवी असते व तरुण वयातच सापडते. पण ती वर्षानुवर्षे पोटात राहिली तर शंभरात एखाद-दुसरीत कर्करोग उद्भवतो, आणि तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत. कुजबुजीच्या भीतीने जिने गाठ लपवली, तिच्या मरणाचा वाटा कुजबुजणाऱ्यांच्या पदरीही जातो.

'वयाप्रमाणे चालायचेच' या वाक्याचे एक जुळे भावंड आहे. ते म्हणजे 'आता काय उरलेय!' पहिले वाक्य दुखण्याला काहीच नाही असे म्हणते, दुसरे सर्व काही संपले असे म्हणते. दोन्हींचा परिणाम एकच: म्हातारी घरात राहते.

काही वर्षांपूर्वी एका ७१ वर्षांच्या आजींच्या घरून आम्हाला निरोप आला की शेवटचा अभ्यंग द्यावयास यावे. आम्ही गेलो. आजींचे पोट पाण्याने तट्ट फुगले होते, धाप लागत होती, कारण उजव्या फुफ्फुसाभोवतीही पाणी साचले होते. प्रथम क्षयाची औषधे देऊन झाली होती. मग रक्ताची सीए-१२५ ही चाचणी वाढलेली निघाली, सोनोग्राफीत अंडाशयाची घट्ट गाठ दिसली, आणि सगळे शरीर कर्करोगाने व्यापले असे गृहीत धरून एका रुग्णालयाने त्यांना घरी नेण्यास सुचवले होते. मुलांनी बहिणींना बोलावून घेतले होते. शवपेटीचेही बोलणे झाले होते. आम्ही रुग्णाभ्यंग संस्कार दिला. सुदैवाने त्यांची एक भाची परिचारिका होती. तिने हट्टाने आजींना दुसऱ्या एका शल्यचिकित्सकाकडे नेले. त्यांनी छातीतल्या पाण्याची तपासणी केली, त्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. गाठ काढली. ती निघाली फायब्रोमा, म्हणजे तंतूंची साधी, निरुपद्रवी गाठ. गाठ गेली आणि काही दिवसांतच पोटातले व छातीतले पाणी आपोआप आटले.

हा चमत्कार नव्हता; निदान वैद्यकाच्या दृष्टीने नव्हता. अमेरिकेतील बॉस्टनचे डॉक्टर जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९३७ साली असेच सात रुग्ण नोंदवले. अंडाशयाचा फायब्रोमा, पोटात पाणी आणि छातीत पाणी असे हे त्रिकूट. गाठ काढताच पाणी नाहीसे होते. आज त्याला मेग्ज यांचेच नाव आहे. हे त्रिकूट फारच क्वचित आढळते. पोटात पाणी आणि अंडाशयात गाठ असलेल्या बहुतेक वृद्ध स्त्रियांना दुर्दैवाने कर्करोगच असतो, हे आम्ही लपवीत नाही. परंतु 'बहुतेक' आणि 'सर्व' यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यात त्या आजी उभ्या होत्या. प्रयोगशाळेचा निर्णय हाती येण्याआधीच आपण तिला मृत ठरवले होते. आपण म्हणजे मुले, शेजारी, ते रुग्णालय, आणि तेल घेऊन निघालेले आम्हीसुद्धा.

तेलावरून आठवले. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांचा नाही असे निक्षून सांगितले आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, थकलेल्या वृद्धावस्थेतही तो घेता येतो. तरी आमच्या घरोघरी अद्याप त्याला 'शेवटचा' हेच विशेषण आहे, आणि धर्मगुरूची मोटारसायकल दारात थांबली की शेजारीण हंबरडा फोडते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्हास बोलवा, आम्ही आनंदाने येऊ.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो. आम्ही धर्मगुरूंनी दुःखाची जी शिकवण दिली, तिचा अर्धाच भाग तुमच्यापर्यंत पोहोचला आहे. दुःख अर्पण करावे हे खरे. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर जे पत्र लिहिले, त्याच्या अखेरीस भल्या शोमरोन्याचा दाखला येतो. शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जखमा अर्पण कर असे सांगितले नाही. त्याने तेल व द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर घातले, उतारशाळेचे पैसे भरले. गेथशेमानीत खुद्द प्रभूनेही प्याला टळावा अशी विनवणी प्रथम केली. सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय, जो आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, तो तर वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि औषध भूमीतून देवानेच उपजवले असे म्हणतो. आरोग्यासाठी होणाऱ्या प्रार्थनासभांबद्दल रोमने २००० साली सूचनापत्र काढले. त्यातही प्रार्थना ही उपचाराला पर्याय नाही, उलट उपचार घेण्यास ती उत्तेजनच देते, हा आशय स्पष्ट आहे. असे असता मंडपात ध्वनिक्षेपकावरून 'मी गोळ्या फेकून दिल्या आणि बरी झाले' अशी साक्ष देववणाऱ्या प्रचारकांना आम्ही जाहीरपणे विचारतो: दोन वर्षांनी त्या बाईच्या घरी कोणी गेले होते काय?

रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या स्त्रीची कथा तर मत्तय, मार्क, लूक तिघांनीही लिहिली. लेवीय नियमाने ती विटाळलेली, म्हणून गर्दीत मागून लपत आली. मार्क म्हणतो की अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले आणि जवळचे सारे खर्चले. (लूक हा स्वतः वैद्य, त्याच्या लिखाणात हा टोला बराच सौम्य झाला आहे!) ती बरी झाली तेवढ्यावर प्रभू थांबला असता तर तिचे गुपित राखले गेले असते. पण तो थांबून विचारतो, मला कोणी स्पर्श केला? तिला सर्वांदेखत बोलते करतो आणि 'मुली' म्हणून हाक मारतो. शुभवर्तमानात जी गोष्ट भर रस्त्यात उच्चारली गेली, ती आपल्या नियतकालिकात छापणे अनुचित आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी शुभवर्तमान पुन्हा वाचावे.

काही सुशील भगिनींच्या मनात आणखी एक काटा असतो: पिशवी काढणे हे पाप तर नव्हे? नाही. पोप पायस बारावे यांनी १९५३ साली मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना याहून अवघड प्रश्नाचे उत्तर दिले आहे. एखादा अवयव स्वतः निरोगी असला, पण त्याच्या स्वाभाविक कार्यामुळे शरीरात अन्यत्र रोग बळावत असेल, तर तो अवयवही काढता येतो, कारण अंग हे संपूर्ण देहासाठी आहे. मग रोगटलेल्या अंडाशयाची काय कथा! आणि सत्तरीच्या स्त्रीच्या बाबतीत संततीचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र शस्त्रक्रियेविषयीचा लोकांचा अविश्वासही निराधार नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांच्या अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. पोटात दुखते म्हणताच पिशवी काढा असे सांगणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्याचे मत अवश्य घ्यावे. आमचा आग्रह तपासणीचा आहे, चाकूचा नव्हे.

तपासणीचा म्हणतानाही तारतम्य हवे. हल्ली सणाच्या तोंडावर धर्मग्रामाच्या सभागृहात शिबिरे भरतात आणि 'सर्व कर्करोगांची रक्तचाचणी' सवलतीत विकली जाते. इंग्लंड व शेजारच्या प्रांतांत पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला: लक्षणे नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी सीए-१२५ वा सोनोग्राफी केल्याने अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. ही चाचणी क्षयातही वाढते, निरुपद्रवी गाठीतही वाढते, आणि ग्रॅन्युलोसात पुष्कळदा वाढतच नाही. तिथे इन्हिबिन नावाची निराळी तपासणी लागते. तेव्हा धडधाकट आजीला रांगेत उभे करून तिच्या बोटाला कापूस लावणे हे आरोग्यकार्य नव्हे, व्यापार आहे. जिला लक्षण आहे तिने मात्र थांबू नये. पाळी गेल्यानंतरचे रक्त, महिन्यातले निम्मे दिवस पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीची घाई. या चार-पाच गोष्टी नव्याने सुरू होऊन टिकल्या तर आम्लपित्ताचे चूर्ण पुरे नाही.

कागदांविषयी एक विनंती. ग्रॅन्युलोसाची गाठ काढल्यावरही दहा, वीस वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते. तेव्हा आजीला आठवत नाही, शल्यचिकित्सक निवृत्त झालेला असतो आणि मुलगा म्हणतो, आईची 'पिशवी काढली होती', बस्स. आपण बाप्तिस्म्याचे दाखले, सातबाराचे उतारे प्लास्टिकच्या वेष्टनात जपतो. गाठीच्या तपासणीचा अहवाल मात्र घर रंगवताना रद्दीत जातो. गाठीचे नाव लिहिलेला तो एक कागद सातबाराशेजारी ठेवा. २००९ साली या गाठीच्या मुळाशी असलेला एक विशिष्ट जनुकीय बदल सापडला आणि त्यामुळे शंकास्थळी निदान पक्के करणे सोपे झाले. पण त्यासाठीही जुना अहवाल आणि जपून ठेवलेला तुकडा लागतो.

आणि आमच्या व्रतस्थ भगिनी? त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते, तरी लिहितो. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी मठवासिनींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक दिसतो अशी नोंद केली ती १७१३ साली. मूल न झालेल्या स्त्रीची अंडाशये विसावा घेत नाहीत, म्हणून अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगाचा धोका तिला अधिक असतो, हे पुढे सिद्ध झाले. (वर वर्णिलेल्या दुर्मीळ गाठींना हा नियम लावता येत नाही.) २०११ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की मठवासिनींना संरक्षण म्हणून संततिनियमनाच्या गोळ्या उपलब्ध कराव्यात, आणि उपचारासाठी घेतलेल्या औषधाला १९६८च्या 'ह्युमाने व्हिटे' परिपत्रकाची आडकाठी नाही. वृत्तपत्रांना थट्टेचा विषय मिळाला. आमच्यापैकी अनेकांनी नाक मुरडून पान उलटले. त्या सूचनेच्या वैद्यकीय बाजूचा निवाडा वैद्यांनी करावा. आम्ही मठांच्या प्रमुखांना एवढेच विचारतो की तुमच्या मठातील साठीच्या सिस्टरला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावयाचे असेल तर तिला कारण कोणाकोणाला सांगावे लागते? शाळा, दवाखाने, अनाथालये चालवणाऱ्या या भगिनी दुसऱ्यांच्या आयांना हाताला धरून तपासणीस नेतात. व्रतस्थांनी प्रसूतिशास्त्र शिकावे अशी मोकळीक रोमने १९३६ साली दिली. स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याची मोकळीक त्यांना मठातल्या मठात मिळावयास रोमच्या परवानगीची गरज नाही.

मुलग्यांनाही दोन शब्द. लग्नाचा मांडव, बँड, ड्रोनने काढलेले चित्रण यांवर किती जाते ते आम्ही जाणतो, कारण जेवायला आम्हीच बसलेलो असतो. आईच्या सोनोग्राफीला लागणारा पैसा त्यापुढे किती? 'आई काही बोललीच नाही' ही सबब आम्ही यापुढे दफनभूमीत ऐकून घेणार नाही. बापाच्या मूळव्याधीची चर्चा ओट्यावर चारचौघांत होते आणि आईच्या रक्ताला मात्र न्हाणीघराची कडी लावली जाते. सुनेने सांगितले तर तिला गप्प बसवू नका. त्या घरात ती एकटीच खरे बोलली होती.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतरच्या सूचनांत, क्रिकेट सामने आणि सणाच्या हाऊजीच्या तिकिटांच्या मध्ये, आम्ही एक सूचना वाचली: ज्या भगिनींची पाळी बंद होऊन वर्ष उलटले आहे आणि तरीही रक्त दिसते, त्यांनी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, सोबत कोणी नसेल तर महिला मंडळाच्या भगिनी येतील. मंदिरात क्षणभर खोकलाही ऐकू आला नाही. सॅक्रिस्टीत एक ज्येष्ठ गृहस्थ रागाने लाल होऊन आले आणि वेदीचा मान राखा म्हणाले. आम्ही त्यांना विचारले की हाऊजीने वेदीचा मान राहिला होता काय. ते उत्तर न देता निघून गेले. सायंकाळी त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या, आणि खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी दार लोटून घेतले.